कुठला दगड?

नागपूरहून समुद्र गाठायचा तर कोणत्याही दिशेला निदान एक रात्र गाडीत काढावी लागते. त्यामुळे येथील एखाद्या डॉक्टरपुढे पाय सुजलेला माणूस येऊन बसला, तर त्यांच्या मनात समुद्राचा विचार येण्याचे काहीच कारण नसते. तो विचार त्यांच्या मनात आणून देणे हे रोग्याचे काम असते, आणि २०२३ च्या दसऱ्याला ते काम मी बारा तासांत दोनदा चुकवले. तिसऱ्या वेळी समोरच्या बाईंनी एक प्रश्न अधिकचा विचारला म्हणून माझा डावा पाय आज जागेवर आहे.

मी सरकारी लेखापरीक्षणाच्या नोकरीत आहे. त्या वेळी वय बावन्न होते, मधुमेह सात वर्षांचा होता आणि तो गोळ्यांवर होता. पोहणे नागपुरातच तलावात शिकलो, आणि पंचेचाळिशीनंतर भाच्याच्या नादाने तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंगचा पहिला अभ्यासक्रम पुरा केला. तो पुरा करणाऱ्याला अठरा मीटरपर्यंत उतरण्याची मुभा असते, पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आठ-दहा मीटरवरच प्रवाळ आणि मासे एवढे दिसतात की त्याहून खोल जाण्याची गरज मला कधी भासली नाही. डायव्हिंगच्या आधी प्रकृतीविषयीची एक प्रश्नावली भरून द्यावी लागते आणि तीत मधुमेहाचा स्पष्ट प्रश्न असतो. मी दर वेळी ‘नाही’वर खूण करत आलो होतो. इन्सुलिन घेत नाही, म्हणजे तो आपल्याला उद्देशून विचारलेला प्रश्न नव्हे, अशी मी माझी समजूत काढली होती. दुसऱ्यांच्या कागदांतली असली समजूत मी दिवसातून दहा वेळा लाल शाईने खोडतो.

त्या ऑक्टोबरात मी आणि भाचा तीन दिवसांसाठी मालवणला गेलो. पावसाळा संपून फार दिवस झाले नव्हते, पाणी गढूळ होते, पण उबदार होते. पातळ सूट घालूनही थंडी वाजत नव्हती. रविवारी सकाळी किल्ल्याकडे काहीच दिसणार नाही असे ठरल्यावर होडीवाल्याने आम्हांला देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते त्या बाजूला नेले. तेथे कमरेएवढ्या पाण्यात होडीतून उतरताना माझा पाय एका खडकावर घसरला. खडकावर कालवांचा थर होता. कालवाच्या शिंपल्याची कड ब्लेडसारखी असते हे कोकणातल्या लहान मुलालाही माहीत असते; मला ते तेव्हा कळले. डाव्या घोट्याच्या वर, बाहेरच्या अंगाला, दीड इंचाची चीर पडली. रक्त फारसे आले नाही. खाऱ्या पाण्याने जखम लवकर सुकते, असे होडीवाला म्हणाला आणि माझीही समजूत तीच होती, म्हणून मी ती त्याच पाण्याने धुतली, वर चिकटपट्टी लावली, त्यावर रबरी बूट चढवला आणि आणखी तासभर पाण्यात राहिलो. त्या बुटाचे कामच मुळी पायाभोवती पाण्याचा थर धरून ठेवून तो अंगाच्या उबेने गरम ठेवण्याचे असते. त्या तासाभरात माझ्या घोट्याभोवती काय शिजत होते, याचा विचार पुढे रुग्णालयात पडल्यापडल्या मी पुष्कळ केला.

त्याच दिवशी कुडाळहून मुंबई आणि रात्री मुंबईहून नागपूर असा परतीचा प्रवास होता. सोमवारी पहाटे जाग आली ती पाय ठणकू लागल्याने. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन, आणि गाडी दीक्षाभूमीला निघालेल्या माणसांनी इतकी भरली होती की दोन बाकांमधल्या जागेतही लोक झोपले होते. समोर पांढऱ्या साडीतल्या एक आजी होत्या. त्यांनी माझा पाय पाहिला, आपल्या नातवाला उठवून उभे केले आणि ‘पाय वर घ्या बाबा, खाली लोंबू देऊ नका’ म्हणून त्याची जागा मला दिली. बडनेरा येईपर्यंत चप्पल पायात जाईनाशी झाली होती.

संध्याकाळी प्रतापनगरातल्या घराजवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारले, ‘काय लागलं?’ मी म्हणालो, ‘दगड लागला.’ त्यांनी पाय दाबून पाहिला, सेल्युलायटिस म्हणजे कातडीखालच्या थराचा संसर्ग असल्याचे सांगितले, त्यावर सर्रास दिल्या जातात त्या प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि दोन दिवसांनी बोलावले. त्यांच्यावर माझा रोष नाही. त्यांच्यापुढे जी माहिती ठेवली गेली तिच्यावरून दुसरा कोणताही निष्कर्ष निघत नव्हता. अपुऱ्या कागदपत्रांवर बरोबर शेरा मारता येत नाही, हे मला कुणी शिकवण्याची गरज नाही.

रात्री दोनच्या सुमारास ताप एकशे तीनवर गेला. पण तापापेक्षा दुखणे वेगळे होते. जखम दीड इंचाची, आणि वेदना गुडघ्यापर्यंत, अशी की पायावरची चादरही सहन होईना. जखमेच्या मानाने दुखणे फार जास्त असणे, हीच आतून सडवत जाणाऱ्या या रोगाची सर्वांत आधीची खूण असते, असे पुढे सर्जननी सांगितले. कातडी वरून बरी दिसत असताना आतला, स्नायूंवरचा पडदा सडू लागलेला असतो. पहाटे चारला पत्नीने दिवा लावला आणि म्हणाली, ‘अहो, हा पाय असा काळा काहून दिसून राह्यला?’ जखमेच्या भोवती जांभळट रंगाचे, रक्ताळलेल्या पाण्याने भरलेले तीन फोड उठले होते. झोपताना त्यांतला एकही नव्हता.

भाचा गाडी घेऊन आला आणि पाचला आम्ही धंतोलीतल्या एका रुग्णालयात पोहोचलो. दसऱ्याची पहाट, मोजकीच माणसे कामावर. अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरांनीही विचारले आणि मीही पुन्हा तेच सांगितले की दगड लागला. त्यांनी मात्र एक गोष्ट केली जी माझ्या धंद्याला साजेशी होती. खिशातले निळे बॉलपेन काढून त्यांनी लालीच्या कडेने माझ्या पायावर गोल रेघ ओढली आणि तिच्याशेजारी लिहिले, ५.४०. बॉलपेन घामट कातडीवर नीट उमटेना, म्हणून त्यांनी काही ठिकाणी रेघ तीनतीनदा गिरवली. ते टोक टोचत असताना मी दात आवळून धरले होते. साडेसहाला सिस्टरनी पाहिले तेव्हा वरच्या अंगाला लाली रेघेच्या दोन बोटे पुढे गेली होती. त्यांनी तेथे दुसरी रेघ ओढली, वेळ घातली. रक्तदाब तोवर ९६ वर ६० झाला होता. पन्नास मिनिटांत दोन बोटे, हा हिशेब मी तसाच पडल्यापडल्या मांडला आणि मांडी किती वाजता लागणार याचे उत्तर काढून गप्प बसलो.

सातला मेडिसिनच्या वरिष्ठ डॉक्टर आल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत होते. त्यांनी दोन्ही रेघा पाहिल्या, फोड पाहिले आणि विचारले, ‘कशानं लागलं?’

‘दगड लागला.’

‘कुठला दगड?’

आजवर हे कुणी विचारले नव्हते. मी सांगितले, मालवणचा. पाण्यातला का, तर हो. समुद्राच्या की खाडीच्या, तर जेथे नदी मिळते तेथल्या. दगडावर काही होते का, तर कालवे होती. केव्हा, तर परवा सकाळी. मग त्यांनी भराभर विचारले की मधुमेह आहे का, यकृताचा काही आजार, कावीळ, दारू, रक्तात लोह वाढल्याचे कधी कुणी सांगितले आहे का. मधुमेहाला या वेळी मी ‘हो’ म्हणालो. उत्तरे ऐकता ऐकताच त्या सिस्टरना औषधे बदलायला सांगत होत्या. डॉक्सिसायक्लिन आणि त्याच्या जोडीला सेफ्टाझिडीम, दोन्ही शिरेतून, आत्ताच्या आत्ता. तपासणीचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढा अवधी हा जंतू देत नाही, म्हणून समुद्राचे नाव निघताच संशयावरूनच ही जोडी सुरू करायची असते. जाता जाता त्यांनी प्रयोगशाळेला फोन लावला आणि नमुना समुद्राच्या पाण्यातल्या जखमेचा आहे, व्हिब्रिओ कुळातला जंतू शोधा, असे सांगितले. त्या फोनचे महत्त्व मला पुढे कळले.

दहाच्या आत मला शस्त्रक्रियागृहात नेले. कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर केला होता, त्यामुळे सर्जनचे बोलणे ऐकू येत होते. ते कातडीला छेद देऊन बोट आत सरकवतात. निरोगी पडदा बोटाला अडवतो, सडलेला अडवत नाही. माझा घोट्यापासून पोटरीच्या मध्यापर्यंत अडवत नव्हता. तेवढा सगळा भाग त्यांनी काढून टाकला आणि दोन दिवसांनी पुन्हा आत नेऊन आणखी थोडा काढला.

‘मांस खाणारा जिवाणू’ असे शब्द बातम्यांत वाचायला मिळतात. हा जंतू मांस खात नाही. तो विषे सोडतो, त्यांनी पेशी मरतात आणि लहान रक्तवाहिन्या आतून गोठून बंद होतात. औषध रक्तातूनच जायचे असते. वाटच बंद झाली तर शिरेत कितीही औषध सोडले तरी ते मेलेल्या भागापर्यंत पोहोचत नाही. म्हणून चाकू लागतो, आणि लवकर लागतो.

अहवाल शुक्रवारी आला. व्हिब्रिओ व्हल्निफिकस. व्हल्निफिकस या लॅटिन शब्दाचा अर्थ जखम करणारा, आणि १९७९ पासून तो या नावाने ओळखला जातो. पटकीचा जंतू ज्या कुळातला, त्याच कुळातला हा. पण पटकी दूषित पाण्याने पसरते तसा हा माणसाच्या घाणीतून येत नाही. खाडीच्या उबदार, निमखाऱ्या पाण्यात तो मूळचाच राहणारा आहे. पाण्याचे तापमान वीस अंशांच्या वर गेले की तो जोमाने वाढतो, आणि भर समुद्राच्या पुऱ्या खारट पाण्यापेक्षा नदीने सौम्य केलेले पाणी त्याला अधिक मानवते. कालवे पाणी गाळून अन्न मिळवतात, म्हणून ती त्याचा साठा करतात. भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या दोन खाड्यांतल्या कालवांत तो सापडल्याचे संशोधकांनी २००४ साली नोंदवलेले आहे. म्हणजे पावसाळ्यानंतरचा ऑक्टोबर, नदीचे मुख, उबदार पाणी आणि कालवांचा खडक, यांतली एकही अट मी त्या रविवारी सोडली नव्हती. यात देवबागच्या पाण्याला अस्वच्छ म्हणण्यासारखे काही नाही; ते जसे असायला हवे तसेच होते.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या माहितीनुसार या जंतूची बाधा झालेल्या दर पाच जणांमागे एक दगावतो, कधी आजार सुरू झाल्यापासून एक-दोन दिवसांतच. २००५ साली कॅटरिना वादळानंतर तेथील वादळग्रस्त लोकांत व्हिब्रिओच्या निरनिराळ्या जातींचे २२ रोगी आढळले आणि त्यांतले ५ दगावले. त्यांतल्या १८ जणांना हा संसर्ग जखमेतून झाला होता. धडधाकट माणसाला सहसा फारसे काही होत नाही. ज्यांचे यकृत बिघडलेले आहे, ज्यांना मधुमेह आहे, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत किंवा ज्यांच्या शरीरात लोह साठलेले आहे, त्यांना धोका अनेक पटींनी जास्त असतो. लोह हे या जंतूचे आवडते खाद्य आहे. मॅडमनी लोहाचा प्रश्न का विचारला, हे मी त्यांना मागाहून विचारले. त्या म्हणाल्या की विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे रोगी पुष्कळ. ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागते त्यांच्या शरीरात लोह साठत जाते, आणि अशा घरांतली मुलेही आता सहलीला गोव्या-कोकणाला जातात. हे मी आपण होऊन कुठेही वाचले नसते.

वॉर्डात सफाईला येणाऱ्या मावशींना माझी हकीकत कळली तेव्हा त्या फडके हातात तसेच धरून म्हणाल्या, ‘काहून गेलते जी समुद्रात? आपला फुटाळा काय वाईट होता?’ मी हसलो. पण गोड्या पाण्याचे तलावही अगदी निर्धोक नसतात, तेथे एरोमोनास नावाचा जंतू असतो आणि तोही जखमेत शिरून बराचसा असाच उत्पात करू शकतो. तसे मी मावशींना सांगितले नाही.

पायावर मांडीची कातडी बसवली, ती धरली, आणि सतरा दिवसांनी मी घरी आलो. विम्याचा अर्ज भरताना हा अपघात की आजार, असा प्रश्न पडला आणि त्यावर चार पत्रे झाली. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

टाके काढायला गेलो तेव्हा प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंना भेटायची परवानगी मागितली. त्यांनी मला माझ्या नमुन्याची छायाचित्रे दाखवली. सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी रंगाच्या, स्वल्पविरामासारख्या किंचित वाकलेल्या काड्या. मग एका थाळीचे छायाचित्र, जंतू वाढवण्याच्या हिरव्या माध्यमावर हिरवट वाढीचे गोल ठिपके. हे माध्यम जखमेच्या नमुन्यासाठी सहसा वापरत नाहीत. त्यांच्याकडे ते पटकीच्या तपासणीसाठी ठेवलेले असते. पटकीचा जंतू साखर आंबवतो म्हणून त्यावर पिवळा उगवतो, माझा आंबवत नव्हता म्हणून हिरवा राहिला. फोन आला नसता तर ती थाळी लावलीच नसती, असे त्या म्हणाल्या. नेहमीच्या थाळीवरही हा जंतू उगवतो, पण पहिल्या नजरेत आतड्यातल्या एखाद्या सामान्य जंतूसारखा दिसतो. मग त्यांनी ऑक्सिडेजची कागदी पट्टी कशी वापरतात ते दुसऱ्या एका थाळीवरून दाखवले. काडीच्या टोकावर कणभर वाढ उचलून पट्टीवर घासली, आणि मी दहापर्यंत मोजायच्या आत तेथे गडद जांभळा डाग पडला. आतड्यातले नेहमीचे जंतू हा रंग देत नाहीत, व्हिब्रिओ देतात. रंग साधारण माझ्या पायावरच्या फोडांचाच होता. शेवटची परीक्षा मिठाची. मीठ नसलेल्या पाण्यात तो उगवला नाही, थोडे मीठ घातल्यावर उगवला. हजार किलोमीटर दूर येऊनही त्याला खारेच लागत होते.

मॅडमनी घरी सोडताना आणखी एक सूचना दिली होती. पुढच्या काही आठवड्यांत जखमेच्या जागी किंवा तिच्या वर न दुखणारी गाठ आली, तर ती क्षुल्लक समजू नये. समुद्रात आणि माशांच्या टाक्यांत क्षयाच्या जंतूचा एक चुलतभाऊ असतो, मायकोबॅक्टेरियम मॅरिनम. तो सावकाश वाढतो, बहुधा दोन ते चार आठवड्यांनी उगवतो, आणि त्याला शरीराचे सदतीस अंशही जास्त होतात, म्हणून तो हातापायांच्या थंड कातडीत राहतो आणि प्रयोगशाळेतही तीस अंशांच्या आसपास ठेवला तरच नीट वाढतो. ‘म्हणजे तेव्हाही तुम्हांला दगडाची गोष्ट पुन्हा सांगावी लागेल, तीही पूर्ण,’ असे त्या म्हणाल्या. गाठ आली नाही.

डायव्हिंग करणाऱ्यांत कानाचा संसर्ग सर्वांत जास्त आढळतो, आणि मला वाटते त्यामुळेच आमच्यात जखमेकडे दुर्लक्ष होते. दिवसभर ओला राहिलेला कान खाजतो, ठणकतो. त्यामागे बहुतेक वेळा स्यूडोमोनास नावाचा जंतू असतो, उबदार समुद्रात कधी व्हिब्रिओचीच दुसरी, सौम्य जात असते. त्यासाठी अमेरिकी नौदलाचे पाणबुडे दोन टक्के ॲसेटिक आम्ल असलेले थेंब प्रत्येक कानात घड्याळ लावून पाच मिनिटे ठेवतात. माझ्या पिशवीत असे थेंब नेमाने असत. साबणाची वडी आणि गोड्या पाण्याची एक बाटली मात्र नव्हती, आणि चीर पडल्यावर ताबडतोब पाण्याबाहेर येऊन त्या दोहोंनी ती खळखळून धुणे एवढेच काय ते मला करता येण्यासारखे होते. उघडी जखम असताना खाडीच्या पाण्यात थांबायचे नाही, आणि ओला बूट तर तिच्यावर मुळीच चढवायचा नाही.

भाचा या हंगामातही मालवणला जाऊन आला. त्याच्याबरोबर मी माझी प्रश्नावली पाठवली होती आणि मधुमेहाच्या प्रश्नावर या वेळी ‘हो’वर खूण केली होती. अपेक्षेप्रमाणे डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागेल असे उत्तर आले. माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी साखरेचा तीन महिन्यांचा आकडा साडेसातच्या खाली आणल्याशिवाय सही करणार नाही असे सांगितले आहे. गेल्या तपासणीत तो ७.८ होता. पुढची तपासणी संक्रांतीनंतर आहे.